फिटिंग फ्री

२ मे

शेजारचं घर विकायला काढलं आहे. शेजारचं म्हणजे माझ्या सख्ख्या धाकट्या दिराचं. एकाच मजल्यावर, भिंतीला भिंत लागून आमची दोन घरं. दोघा भावांनी हट्टाने शेजारीशेजारी घेतलेली. आणि मला हे कळलं कुठून, तर खाली फाटकावर लावलेल्या पाटीवरून!

वर येऊन ह्यांना विचारलं, तर ह्यांना सगळं आधीच ठाऊक. म्हणाले, "धाकटीला इथे राहवत नाही म्हणते. रोज जिन्यात तुझी पाठ बघायची, त्यापेक्षा लांब गेलेलं बरं, असं म्हणाली."

धाकटी म्हणजे माझी जाऊ. आम्ही दोघी बोलत नाही त्याला आता वर्ष उलटून गेलं. मी म्हटलं, "विकू देत. मला काय त्याचं!" आणि ताटं घासायला घेतली. ती आधीच घासून ठेवलेली होती, हे सगळी घासून झाल्यावर लक्षात आलं. हे जेवताना पोळी नुसती कुस्करत बसले.

५ मे

उकाड्याने जीव नकोसा झालाय. आज शिवताना सुई घामाने बोटांतून निसटली ती थेट पायाच्या अंगठ्यात. वर गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर माझ्या कपाळावरचे थेंब टपकले. शर्ट परत धुवायला टाकला. शिवणकाम सोडून लॉन्ड्रीच काढावी की काय!

ह्यांना सांगून टाकलं, "झोपायच्या खोलीत एसी घ्यायचा. माझं मशीन तिथेच आहे." मला वाटलं, आता महिनाभर घोळ घालतील. नळाचा वायसर बदलायचा म्हटलं तरी ह्यांना विचार करायला चार दिवस लागतात. पण हे एकदम उठून बसले. म्हणाले, "एसी? म्हणजे भिंतीला भोक पाडावं लागेल, नाही का?" मी म्हटलं, लागेलच. तर म्हणे, "मग घेऊच या!" आणि पायांत चपला सरकवून फिरायला गेले, ते दोन तासांनी चांगले हसतमुख होऊन परत आले. उन्हाचा डोक्यावर परिणाम होतो म्हणतात, तो असा.

७ मे

एसी घेतला. सांगितलेल्या भावात घेतला. हे वाक्य दोनदा खोडून परत लिहिलं.

आमची पद्धत वर्षानुवर्षं ठरलेली होती. भाव करायचा मी. किंमत ऐकून तोंड वाकडं करायचं मी, आणि "नको, राहू दे" म्हणून दुकानाबाहेर चालू लागायचं तेही मीच. धाकटीने मागे थांबायचं आणि रडवेल्या आवाजात म्हणायचं, "अहो ताई, थांबा ना, ते काय म्हणतात ते ऐकून तरी घ्या!" मग दुकानदाराकडे वळून, "बघा हो काही जमतंय का, त्या एकदा गेल्या की परत यायच्या नाहीत." त्या 'थांबा ना'नंतर किंमत अशी काही घसरायची! पंखे म्हणू नका, पडदे म्हणू नका, दोन्ही घरांतली एक वस्तू पुऱ्या भावात आलेली नाही.

बिनसलं ते तिच्या कपाटावरून. 'थांबा' म्हणायची तिने फार घाई केली. मी अजून दुकानाची पायरीसुद्धा उतरले नव्हते. मी रस्त्यापर्यंत गेले असते तर आणखी हजार सुटले असते, हे मी तिला तिथल्या तिथे समजावून सांगितलं. तिच्या भल्यासाठीच सांगितलं. आवाज जरा चढला असेल. दुकानदार हसला, दुसरी गिऱ्हाइकं हसली, आणि बाईसाहेबांना राग आला. याला मी काय करणार?

तर आज तिच्या जागी ह्यांना उभं केलं. सकाळपासून वाक्य पाठ करून घेतलं होतं. दुकानातल्या गुळगुळीत माणसाने किंमत सांगितली, मी तोंड वाकडं केलं, "नको, राहू दे" म्हटलं आणि निघाले. दार उघडून बाहेर आले. पायऱ्या उतरले. सावकाश चालत औषधांच्या दुकानापर्यंत गेले. मागून हाक नाही. वळून बघते तर हे काचेआड खुर्चीत बसून दुकानाचं सरबत पीत आहेत! त्या उन्हातून मला मुकाट्याने परत जावं लागलं. गुळगुळीत म्हणाला, "मॅडम, छत्री विसरलात का?"

बाहेर आल्यावर ह्यांना विचारलं, "थांबा का नाही म्हणालात?" तर म्हणे, "तू इतक्या ठामपणे गेलीस, मला वाटलं खरंच गेलीस."

एक बरं, फिटिंग फ्री आहे.

९ मे

फिटिंग फ्री नाही.

एसीवाला आज खोली बघायला आला. टेप लावून सगळीकडे मोजमाप घेतलं आणि मग खर्चाची यादी वाचायला लागला. बाहेरचं युनिट ठेवायला लोखंडी स्टँड, त्याचे वेगळे. तांब्याची नळी कंपनी देते तेवढी पुरायची नाही, वाढीव नळीचे फुटावर. पाणी जायची नळी वेगळी. मीटरपासून स्वतंत्र वायर ओढावी लागेल, ती वेगळी. स्टॅबिलायझर तर लागणारच.

मी विचारलं, "मग फ्री काय आहे?"

"माझी मजुरी, मॅडम."

"म्हणजे तुम्ही फुकट आणि बाकी सगळं विकत!"

"आणि भोकाचे वेगळे," तो म्हणाला.

"भोक म्हणजे तर काहीच नसतं. काही नसण्याचे कसले पैसे?"

"आत्ता नाहीये, म्हणून तर पाडावं लागतं, मॅडम."

मी "नको, राहू दे" म्हणून स्वयंपाकघरात निघून गेले. आतून कान देऊन उभी राहिले, तर टेप गुंडाळल्याचा आवाज. तो खरंच निघाला होता! हेच धावत जाऊन दाराशी आडवे झाले. सगळं मान्य केलं, नळी, वायर, स्टँड, भोक, सगळं. एकटीने भाव करणं म्हणजे एका हाताने कात्री आणि कापड दोन्ही धरण्यासारखं आहे.

संध्याकाळी शेजारून काहीतरी जड सामान सरकवल्याचा आवाज येत होता. आमच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीपलीकडून, कपाटच असणार. बांधाबांध सुरू झाली वाटतं. होऊ दे. मी भाजीत मीठ घालायला विसरले, ते ह्यांच्याही लक्षात आलं नाही.

११ मे

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

एसीवाला भोक पाडायचं अवजड यंत्र घेऊन आला आणि नेमकी त्याच वेळी ह्यांना लिंबं हवी झाली. घरात टोपलीभर लिंबं आहेत, पण ह्यांना ताजी हवीत. मला पिशवी देऊन अक्षरशः दाराबाहेर ढकललं. मी परत आले तर खोलीभर लाल धूळ, एसीवाला स्टुलावर, आणि वर भिंतीत वाटीएवढं गोल भोक. भोकातून उजेड येत होता तो ठीक. पण भोकातून पंखा दिसत होता. फिरणारा.

तो धाकटीचा पंखा होता. मीच दोनशे कमी करून आणलेला.

"अहो, ही शेजारची भिंत!" मी ओरडले.

एसीवाला म्हणाला, "मॅडम, साहेबांनी स्वतः पेन्सिलीने फुली मारून दिली. मी दोनदा विचारलं, पलीकडे काय आहे? म्हणाले, काळजी करू नका, पलीकडे सगळं मोकळं करून ठेवलंय."

हे टाळू खाजवत म्हणाले, "अगं, दिशाच कळली नाही. मला वाटलं, ही बाहेरची." इतकी वर्षं या खोलीत झोपतो हा माणूस! खिडकी कुठल्या भिंतीला आहे हेसुद्धा बघितलं नाही. मी कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात भोकातून आवाज आला. "कोण आहे? घर पाडताय का?"

वर्षभरानंतर तिचा आवाज इतक्या जवळून ऐकला. माझ्या हातातली लिंबांची पिशवी सुटली. बंद सैल असेल. मी एसीवाल्याला म्हटलं, "त्यांना सांगा, चुकून झालंय."

तो भोकाला तोंड लावून म्हणाला, "मॅडम, चुकून झालंय."

"त्यांना म्हणावं, बुजवून द्या. नशीब माझं, ह्यांनी परवाच इथलं कपाट हलवलं. आणि सकाळीच खाली जुनी चादर पसरून ठेवली होती, नाहीतर सगळं घर धुळीने भरलं असतं."

"त्यांना सांगा, बुजवून देऊ. आम्ही काही पळून जात नाही. पळून जाणारे दुसरे आहेत."

"मॅडम," एसीवाला कळवळून म्हणाला, "तुमचं त्यांना ऐकू जातंय हो. मला कशाला मध्ये घालता?"

मग एसी खिडकीच्या भिंतीला लावला, तिथे दुसरं भोक. पैसे अर्थात दोन भोकांचे. ह्यांनी हूं की चूं न करता दिले, वर चहापाण्याला म्हणून आणखी. लाज वाटली असेल बिचाऱ्यांना. जाताना एसीवाला बजावून गेला, "ते पहिलं भोक लवकर बुजवा. तुमची गार हवा सगळी तिकडे जाईल आणि बिल वाढेल."

कपाट काय, चादर काय, धाकटीचं नशीबच जोरावर आहे. काय एकेक योगायोग असतात.

१३ मे

एसी छान चालतो. सुई निसटत नाही. भोकात मी एक नॅपकिन गुंडाळून कोंबला होता, तो काल पलीकडे पडला. मी मागितला नाही. आज सकाळी बघते तर भोकातून अर्धा बाहेर लोंबत होता. धुतलेला, इस्त्री केलेला. त्यावरचा जुना तेलकट डाग मला कधी निघाला नव्हता, तो तिने काढलाय. हा टोमणाच असणार, दुसरं काय!

नॅपकिन असला तरी सगळं ऐकू येतं. ती फोनवर कुणाला तरी सांगत होती की रविवारी घर बघायला माणसं येणार आहेत, बहुतेक जमेल. नंतर बराच वेळ पलीकडे काही आवाज नव्हता. मी स्टूल ओढून वर चढले आणि ऐकलं. हे खोलीत आले, मला स्टुलावर बघून म्हणाले, "जाळी काढतेयस का? काढ, काढ." आणि दार ओढून घेऊन गेले.

ह्यांना गवंडी आणा म्हणून तीनदा सांगितलं. म्हणे, हल्ली गवंडी मिळत नाहीत.

१५ मे

गवंडी मीच शोधून आणला. समोरच्या इमारतीत काम करत होता. भोक बघून तो जिभेने चुकचुक करायला लागला, तेव्हाच मी ओळखलं. म्हणाला, नुसतं सिमेंट भरून चालायचं नाही. भरलं की डाग दिसणार. म्हणजे सगळी भिंत रंगवायला हवी. एक भिंत नवी दिसली की बाकीच्या तीन जुन्या दिसणार. म्हणजे खोली. आणि तसंच पलीकडे. मग आकडा सांगितला. एसीच्या निम्मा आकडा होता तो! वाटीएवढ्या भोकाला!

मी सवयीने तोंड वाकडं केलं. सवयीनेच म्हटलं, "नको, राहू दे," आणि स्वयंपाकघराकडे निघाले. दोन पावलं टाकल्यावर आठवलं की मागे कोणी नाही. आता पुन्हा मान खाली घालून परत यायचं, म्हणून मी अगदी सावकाश चालत होते. उंबऱ्यापाशी पोचले.

आणि भिंतीतून आवाज आला.

"अहो ताई, थांबा ना! ते काय म्हणतात ते ऐकून तरी घ्या!"

गवंडी असा दचकला की हातातली थापी पडली. माझे पाय जागच्या जागी खिळले. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू? रडवेला आवाज तोच, 'अहो'वरचा हेल तोच.

"दादा," भिंत म्हणाली, "बघा ना काही जमतंय का. त्या एकदा गेल्या की परत यायच्या नाहीत. मी ओळखते त्यांना."

"तू मध्ये पडू नकोस," मी ठरलेल्या सुरात म्हटलं, "लुटायला बसलेत हे!"

"असं नका हो म्हणू ताई, गरिबाचं पोट आहे. दादा, रंग आम्ही लावून घेऊ. फक्त सिमेंटचं सांगा. दोन्ही बाजूंचं मिळून."

गवंडी एकदा माझ्याकडे, एकदा भोकाकडे बघत होता. शेवटी ज्या आकड्याला 'हो' म्हणाला तो मी इथे लिहीत नाही, वाचून मलाच त्याची दया येईल. सोमवारी येतो म्हणून गेला.

तो गेल्यावर मी भिंतीपाशी उभी राहिले. म्हटलं, "आज वेळेवर म्हणालीस."

ती म्हणाली, "आज तुमची पावलं मोजता आली नाहीत. नुसत्या चपलांच्या आवाजावर म्हटलं."

मी स्टूल ओढायला गेले, तेवढ्यात तिच्या कुकरची शिट्टी झाली आणि ती गेली.

१६ मे

ह्यांना कालची सगळी हकिगत सांगितली. ऐकून हे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, खांदे हलत होते. म्हटलं, रडता की काय? तर म्हणे, ठसका लागला. मग फिरायला गेले. हल्ली फार फिरतात. परत आले ते भाऊजींची छत्री घेऊन. कुठे बदलली ते म्हणे आठवत नाही. हा माणूस माझ्याआधी गेला तर ठीक, नाहीतर एकटा कसा निभावणार देव जाणे.

१७ मे, रविवार

घर बघायला माणसं आली. नवरा-बायको, दोघंही टापटीप. मी स्टुलावर चढून कान लावून उभी होते. नॅपकिन काढून हातात धरला होता. यात चोरून ऐकणं वगैरे काही नाही. माझी भिंत, माझं स्टूल.

टापटीप बाईने विचारलं, "हे भोक कसलं?"

"शेजारच्यांच्या एसीवाल्याने चुकून पाडलं. उद्या बुजवतील."

"शेजारी कसे आहेत? त्रास नाही ना?"

मी कान भोकात आणखी खुपसला. धाकटी म्हणाली, "चांगली माणसं आहेत. जाऊबाई जरा फटकळ आहेत. पण त्यांच्यासारखं माणूस मिळायचं नाही." आणि ती हे हळू नाही, चांगलं मोठ्याने म्हणाली, वरच्या दिशेला.

मग टापटीप गृहस्थांनी भाव सुरू केला. भोकाचं कारण सांगून चांगलाच खाली गेला. भाऊजी "बघू, बघू" करत होते. आणि धाकटी म्हणाली, "नाही जमायचं. नको, राहू द्या."

माझं वाक्य! माझ्याच आवाजात! आणि ती चालायला लागली. चपला वाजत होत्या, सावकाश, अगदी सावकाश, माझ्यासारख्या. मी जाणलं, आता मागून कोणीतरी म्हणायला हवं. 'अगं थांब, ते काय म्हणतात ऐकून तरी घे' म्हणायला हवं. ते म्हटलं की तो माणूस आणखी वर येणार, सौदा होणार, आणि ही सामान घेऊन जाणार. ते शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आले. इतक्या वर्षांची सवय, ती काय सहज सुटते! 'अगं' तर जवळजवळ बाहेर पडलाच होता.

मी नॅपकिन तोंडात कोंबला. दातांखाली घट्ट धरला, आणि स्टुलावर दोन्ही हात भिंतीला टेकून उभी राहिले. तिच्या चपला तिच्या स्वयंपाकघराच्या दाराशी पोचल्या आणि थांबल्या. ती वाट बघत होती. मी श्वाससुद्धा घेतला नाही.

टापटीप गृहस्थ म्हणाले, "बरं मग, निघतो." पावलं बाहेर गेली. दार लागलं.

मग भोकाखालून आवाज आला. "ताई?"

मी नॅपकिन काढला. "काय गं?"

"थांब म्हणाला नाहीत?"

"नाही म्हटलं."

"का?"

मला पुष्कळ काही म्हणायचं होतं. पण तोंडातून आलं ते एवढंच, "इतकी घाई कशाला करायची?"

पलीकडून आधी हसू आलं आणि मग नाक ओढल्याचा आवाज. म्हणाली, "चहा टाकते. या."

"येते."

"दाराने या हो. भोकातून मावायच्या नाहीत तुम्ही."

फटकळ म्हणे मी!

१८ मे

गवंडी कबूल केल्याप्रमाणे सिमेंट घेऊन आला. त्याला चहा दिला, येण्या-जाण्याचे पैसे दिले आणि परत पाठवला. धाकटी पलीकडून म्हणाली, "ताई, चहा दिलात, तेवढ्यावर भागलं असतं, पैसे कशाला?" मी म्हटलं, असू दे. फाटकावरची पाटी भाऊजींनी सकाळीच काढली. आम्ही दोघींनी मिळून तिच्या कपाटाला कायमची दुसरी जागा दिली. जुन्या जागी ते भोकासमोर आलं असतं.

ह्यांना रात्रीच सगळं सांगितलं होतं. हे म्हणाले, "अरे वा! असं कसं काय झालं बुवा?" मी म्हटलं, "तुमच्या त्या चुकीच्या फुलीमुळे झालं सगळं. आयुष्यात एक चूक तरी कामाची केलीत." हे खिडकीकडे वळले. पलीकडे भाऊजींना ठसका लागला. दोघा भावांची छाती सारखीच नाजूक आहे, औषध आणायला हवं.

दुपारी एसीवाला गॅस तपासायला आला होता. वर बघून म्हणाला, "मॅडम, भोक अजून तसंच? गार हवा सगळी तिकडे जातेय. बिल वाढेल."

मी म्हटलं, वाढू दे.